वाहून जाणारं पोतं

आषाढातली गोष्ट. जव्हारपासून तासाभरावरच्या एका पाड्यावर आमच्या बचत गटाची बैठक होती. बैठक कसली, पडवीत गोणपाट टाकून सात-आठ जणी बसलेल्या, बाहेर धो धो पाऊस. आमच्याकडचा पाऊस पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना सांगून कळायचा नाही. चार-चार दिवस समोरचा डोंगर दिसत नाही. हप्त्याची वही उघडली, पण एकीचंही लक्ष वहीत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा कोपऱ्यातल्या मावशीवर.

मावशीने आदल्या दिवशी खाचरात युरिया टाकला होता. उसनवारीच्या पैशांतून आणलेलं पोतं. टाकला तेव्हा आभाळ उघडलं होतं. रात्री पावसाने असा काही जोर धरला, की सकाळी बांध दोन ठिकाणी फुटलेला आणि खाचरातलं पाणी ओहोळाला.

"गेला," मावशी म्हणाली. "पोतं डोक्यावरून मी आणला, पाण्याने फुकट नेला."

इथल्या बोलीत अहो-जाहो नाही. मी तिच्या लेकीच्या वयाची, तरी तीही मला 'तू' आणि तिच्या नातवंडांनाही मी 'तू'च. ती म्हणाली, "ताय, तू शिकलेली ना? मग सांग, खत पिकाला घालायचा की गंगेला?"

मला उत्तर आलं नाही. मी कला शाखेची. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झाले, लग्न होऊन जव्हारला आले आणि रसायनशास्त्राशी दहावीनंतर कायमचा काडीमोड झाला तो झालाच. पण मावशीचा प्रश्न घरी आला, तो काही केल्या जाईना. भात टाकताना, कुकरची शिट्टी मोजताना डोक्यात तेच, की ते पोतं गेलं कुठे?

मैत्रिणींनो, हा लेख म्हणजे त्या पोत्याचा शोध.

पोत्यात काय असतं?

जव्हार-मोखाडा हे आधी ठाणे जिल्ह्यात होते, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आले. जिल्हा बदलला, डोंगर तेच राहिले. वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकर, कातकरी अशी वस्ती. सपाटीला, ओहोळाच्या काठाला भाताची खाचरं. उतारावरच्या वरकस जमिनीत नागली, वरई, उडीद, खुरासणी. एका पावसावरची शेती. दिवाळी झाली की अर्धा पाडा वीटभट्टीच्या वाटेला लागतो, भिवंडीकडे, वसईकडे. घरचं भात किती महिने पुरलं, यावर भट्टीवर कधी जायचं आणि लेकराची शाळा कधी सुटायची हे ठरतं. १९९२-९३ साली इथल्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी सगळा महाराष्ट्र हादरला होता, ते जुन्या वाचकांना आठवत असेल. म्हणून भाताची एक पाटी कमी-जास्त होणं ही इथे हिशेबाच्या वहीतली गोष्ट नाही, ताटातली आहे.

आता ते पोतं. पूर्वी ५० किलोचं असायचं, २०१८ पासून ४५ किलोचं झालं. सरकारी अनुदानामुळे त्याचा दर पावणेतीनशे रुपयांच्या आत आहे. पण पाड्यावर येईपर्यंत त्यात टेम्पोचं भाडं चढतं, आणि कधी कधी दुकानदार "हे घेतलं तरच युरिया" म्हणत एखादी बाटली गळ्यात मारतो, ती वेगळीच. युरियात ४६ टक्के नत्र असतं, म्हणजे एका पोत्यात साधारण एकवीस किलो. हिरवेपणा, फुटवे, दाण्यातलं सत्त्व यासाठी पिकाला जे लागतं ते हे नत्र.

गंमत बघा, नत्राला काही तोटा नाही. आपण श्वास घेतो त्या हवेत पाचातले जवळजवळ चार हिस्से नत्रच. पण झाडाला ते तसं घेता येत नाही. फ्रिट्झ हाबर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०९ साली हवेतल्या नत्रापासून अमोनिया करून दाखवला, आणि १९१३ साली ओपाऊ गावी त्याचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला. आज आपल्याकडे अलिबागजवळ थळला आरसीएफचा कारखाना नैसर्गिक वायूपासून युरिया बनवतो. प्रचंड उष्णता, प्रचंड दाब, समुद्रापलीकडून आलेला वायू, त्यावर सरकारचं अनुदान. एवढं सगळं होऊन ते पांढरे दाणे मावशीच्या डोक्यावरून मोखाड्याच्या घाटात येतात. आणि पाणी साचलेल्या भातखाचरात वरून फेकलेल्या युरियातलं जेमतेम तीस ते चाळीस टक्के नत्र पिकाच्या पोटात जातं. बाकीचं जातं कुठे?

हळदीचा डाग आणि कच्चा रंग

हे मला समजलं ते पुस्तकातून नाही, माझ्याच फजितीतून.

मावशीच्या त्या प्रश्नानंतर दुसऱ्या वर्षी मला उत्साहाचं भरतं आलं होतं. कुणीतरी सांगितलं, युरिया नुसता टाकू नका, कशात तरी मिसळून टाका. झालं! मी गटातल्या तिघींना सोबत घेतलं. ओलं शेणखत घेतलं, त्यात चुलीतली राख घातली. राख चांगली असते ना, आपली आजी कडधान्याला लावायची. वर युरिया कालवला आणि सगळं गोणीत भरून दडपून ठेवलं. "दोन दिवस मुरू द्या," मी अगदी लोणचं घातल्यासारखं सांगितलं.

दोन दिवसांनी गोणी सोडली आणि चौघींच्या डोळ्यांतून पाणी! नाकात असा झणका गेला, की मी पडवीबाहेर पळाले. एसटी स्टँडच्या मुतारीजवळून जाताना येतो ना, तोच वास, दसपट.

मावशी मात्र तिथेच उभी. नाकाला पदर लावून म्हणाली, "ताय, तुला पुस्तकात कळतं, मला नाकात कळला. खत उडून चालला."

तिचं शंभर टक्के खरं होतं. युरियाला ओल मिळाली, की शेणातले-मातीतले जिवाणू त्याचं अमोनियात रूपांतर करतात. जवळ राखेसारखा खारट-क्षारी पदार्थ असला, की हा अमोनिया वायू होऊन हवेत जातो. म्हणजे मी गटाच्या पैशांचा अक्षरशः धूर केला होता. त्या हंगामाचे पैसे मी माझ्या घरखर्चातून भरले. राख आणि शेणखत, दोन्ही मातीला चांगलेच. पण युरियाशी त्यांची गाठ गोणीत घालायची नसते, हा धडा मी कायमचा शिकले.

नंतर एका कृषी सहायकाला गाठून पुढचं समजून घेतलं. ते त्याने मला शाळकरी भाषेत सांगितलं, मी तुम्हाला घरच्या भाषेत सांगते.

अमोनियाचा जो भाग मातीत मुरतो तो मातीच्या कणाला धरून राहतो, पांढऱ्या कपड्यावरच्या हळदीच्या डागासारखा. पाणी घातलं तरी लगेच जात नाही. पण मातीतले दुसरे जिवाणू हळूहळू त्याचं नायट्रेट करतात. हे नायट्रेट म्हणजे स्वस्तातल्या साडीचा कच्चा रंग! पहिल्या पाण्याला सुटलाच. थोडं खाली झिरपतं, थोडं ओहोळाला लागतं. खाली चिखलात जिथे हवा पोचत नाही तिथे आणखी वेगळे जिवाणू त्याचा वायू करून परत आभाळात पाठवतात. त्यातला एक वायू, नायट्रस ऑक्साइड, पृथ्वी तापवण्याच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइडपेक्षा अडीचशे पटींहून जास्त जहाल.

म्हणजे पोतं तीन वाटांनी जातं. हवेत, पाण्यात आणि थोडंसं पिकात. आमची माती तर तांबडी, उथळ, उतारावरची. तिच्यात हळदीचा डाग धरून ठेवायची ताकद मुळातच कमी. ती ताकद वाढते पालापाचोळ्याने, शेणखताने, कुजलेल्या काडीकचऱ्याने. आमच्या सगळ्या शोधाचं सार एवढंच आहे. खत वाढवायचं नाही, मातीची मूठ घट्ट करायची.

मे महिन्यात जाळायचं, जुलैत विकत आणायचं

आता एक नाजूक विषय. राब.

आमच्याकडे रोपं करायच्या जागेवर फाल्गुन-चैत्रापासून शेण, पालापाचोळा, झाडांच्या फांद्या, गवत पसरून वर माती टाकतात आणि ते भाजतात. पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. त्याने तणाचं बी जळतं, कीड मरते, राख मिळते, रोपं तरारून येतात. हे सगळं खरं. पण या राबासाठी फांद्या तोडायला, पाला गोळा करायला, शेणाच्या पाट्या वाहायला कोण जातं? बाईच. उन्हाचा तडाखा, विहिरी आटलेल्या, पाण्याच्या दोन हंड्यांसाठी अर्धा दिवस गेलेला, आणि वर ह्या मोळ्या.

शेण जळतं तेव्हा त्यातलं पालाश राखेत उरतं, पण नत्र धुराबरोबर जातं. म्हणजे आपण मे महिन्यात फुकटचं नत्र जाळतो आणि जुलै महिन्यात पैसे मोजून नत्र विकत आणतो!

हे मला कळलं तेव्हा मी मोठ्या आवेशात बैठकीत सांगितलं. मावशीने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "राब नाय भाजला तर तण कोण काढील? तू येशील?"

मी गप्प. शहाणपण सांगताना समोरच्या बाईची कंबर मोजायची असते, हे मी त्या दिवशी शिकले. राब भाजण्यात अडाणीपणा नव्हता, हिशेब होता. त्या हिशेबाला दुसरा हिशेबच उत्तर देऊ शकतो.

चार सूत्रं

ते उत्तर मिळालं कोकणातच. 'चारसूत्री भात लागवड' हे नाव शेतीच्या पानांवर वाचलेलं असेल, पण आपण ती पानं उलटून पुढे जातो. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात आंतरराष्ट्रीय खत विकास केंद्र आहे. तिथे खोल खत देण्याच्या तंत्रावर वर्षानुवर्षं काम केलेले डॉ. एन. के. सावंत यांनी ही पद्धत आपल्या छोट्या शेतकऱ्यांसाठी बसवली. पुढे कृषी खात्याने ती कोकणभर सांगितली. मी ती आमच्या पाड्यावर जशी केली तशी सांगते.

पहिलं सूत्र, भाताचं भाताला परत द्यायचं. गिरणीतून भाताचं तूस आणायचं, ते अर्धवट जाळून काळी राख करायची आणि रोपांच्या गादीवाफ्यात चौरस मीटरला अर्धा ते एक किलो मिसळायची. या राखेत सिलिका असते. रोपं ताठ होतात, पुढे पीक सहजी लोळत नाही, खोडकिडीलाही ते जरा कठीण जातं. ही राख रोपांच्या मातीत घालायची, युरियात नाही. (माझी फजिती आठवा!) थोडा पेंढाही पहिल्या नांगरटीला जमिनीत गाडायचा. मावशीशी तडजोड अशी झाली, की राब पूर्ण बंद नाही, पण जागा निम्मी. रोपं विरळ पेरायची आणि गादीवाफे करायचे. वाचलेलं शेण खड्ड्यात कुजवायचं. तिच्या मोळ्या कमी झाल्या, तण काही फार वाढलं नाही.

दुसरं सूत्र, गिरिपुष्प. ग्लिरिसिडिया म्हणून जो म्हणतात तो. मूळचा मध्य अमेरिकेतला. त्याला उंदीरमारी असंही नाव आहे, कारण त्याची साल-बिया उंदरांना विषारी. पावसाच्या सुरुवातीला बांधावर फांदी खोचली की लागते. वासामुळे मोकाट गुरं सहसा तोंड लावत नाहीत, हा आमच्याकडे फार मोठा गुण! शेंगवर्गातलं झाड असल्याने हवेतलं नत्र ते स्वतःच धरतं. हाबरच्या कारखान्याचं काम मुळावरच्या गाठीत, बिनभाड्याचं. हेक्टरी तीन टन हिरवा पाला लागतो म्हटल्यावर आमच्या बायका घाबरल्या. मी वहीत मांडून दाखवलं, गुंठ्याला तीस किलो. म्हणजे एक मोळी. "एवढाच?" असं झालं. चिखलणीच्या आधी आठवडाभर फांद्या खाचरात पसरून ठेवायच्या. पाच-सहा दिवसांत पानं गळतात, काटक्या उचलून घ्यायच्या. त्या चुलीला! खत आणि जळण एकाच फांदीत. ही गोष्ट पाड्यावर माझ्या कुठल्याही भाषणाशिवाय पसरली.

तिसरं सूत्र, दोरीवरची लावणी. एका दोरीवर १५ आणि २५ सेंटिमीटरवर आळीपाळीने खुणा करायच्या. आम्ही जुन्या साडीच्या लाल-हिरव्या चिंध्या बांधल्या. प्रत्येक खुणेला दोन-तीन रोपं, आणि ओळींमध्येही तसंच १५, २५, १५, २५. मग चार चुडांचे छोटे छोटे चौकोन तयार होतात.

चौथं सूत्र, गोळी. युरिया आणि डीएपी ६० ला ४० या प्रमाणात दाबून केलेली २.७ ग्रॅमची गोळी, तिला ब्रिकेट म्हणतात. लावणीच्याच दिवशी प्रत्येक चौकोनाच्या मधोमध ती हाताने सात ते दहा सेंटिमीटर खोल चिखलात खोचायची. गुंठ्याला ६२५ गोळ्या, वजन पावणेदोन किलोच्या आत. हेक्टरी ६२,५००, वजन सुमारे १६९ किलो. त्यातून साठ किलोच्या आत नत्र जातं, बाकीची भर गिरिपुष्पाचा पाला घालतो. नेहमीच्या पद्धतीत सुधारित भाताला हेक्टरी शंभर किलो नत्र सांगतात, त्याच्याशी ताडून बघा.

गोळी खोल गेल्यामुळे अमोनिया हवेत जात नाही. तिथे प्राणवायू कमी, म्हणून त्याचं नायट्रेट होत नाही. हळदीचा डाग हळदीचाच राहतो. चार बाजूंची चार चुडं मुळं पाठवून हळूहळू खात बसतात. एका ताटात चार भावंडं जेवल्यासारखी. पुढे पंधरा दिवसांनी, महिन्याने पुन्हा युरिया फेकायला जायचं काम नाही. मोठा पाऊस आला तरी वरचं पाणी जातं, गोळी जागेवर राहते. बांगलादेशात हेच तंत्र 'गुटी युरिया' म्हणून खेड्याखेड्यांत पोचलं.

कंबर कुणाची?

इथपर्यंत वाचून वाटेल, किती सोपं! पण हे बायकांचं पान आहे, म्हणून कृषी पुस्तिकेत नसलेलं एक सत्य सांगायलाच हवं.

युरिया फेकायचं काम पुरुषाचं. बांधावरून हात फिरवला, अर्ध्या तासात मोकळा. गोळी खोचायचं काम मात्र वाकून, चिखलात हात घालून, ६२५ वेळा, तेही एका गुंठ्याला. आणि वाकून करायचं काम म्हटलं की ते बाईचं, हे जणू कुणीतरी लिहूनच ठेवलंय. पहिल्या वर्षी एका सुनेने मला तोंडावर सुनावलं, "ताय, खत वाचला, मी नाय वाचले." तिचे हात सोलले होते, पाचव्या महिन्यातलं पोट होतं. मी काय बोलणार?

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण खताची बचत मोजतो, ती कुणाच्या अंगावरून होते ते मोजत नाही.

पुढच्या हंगामाआधी आम्ही बैठक बायकांची न घेता नवरा-बायकोंची घेतली. दोन गोष्टी ठरल्या. एक, गोळी पुरुष खोचणार. बायका लावणी करत पुढे, पुरुष मागोमाग गोळ्या घेऊन. सुरुवातीला हसाहशी झाली, "बायकांचं काम" म्हणून कुणी कुणी टोमणेही मारले. पण दोघं-तिघं उतरले, मग बाकीचे उतरले. दुसरं, सावड. आज तुझ्या खाचरात सगळे, उद्या माझ्या. एकट्या घराने सगळ्या शेताला गोळी देण्याचा हट्ट धरायचा नाही. पाच-दहा गुंठ्यांवर करून बघायचं. पोटुशी बाई दोरी धरेल, वाकणार नाही.

गोळ्या दरवेळी जवळ मिळतातच असंही नाही. अशा वेळी काय? मग युरिया एकदाच न टाकता दोन-तीन हप्त्यांत द्यायचा, टाकण्याआधी खाचरातलं पाणी कमी करायचं, मग बांध बंद ठेवायचा, आणि आभाळ बघून टाकायचा. युरियात ओलसर माती पाचपट मिसळून एक-दोन दिवस सावलीत ठेवतात, त्यात राख नाही, शेण नाही. निंबोळी पेंड मिसळण्याचा उपाय जुना आहे. निंबोळीतला कडू अंश नायट्रेट करणाऱ्या जिवाणूंचा वेग मंदावतो, म्हणजे कच्चा रंग लवकर सुटत नाही. २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया निंबोळी तेल लावूनच येतो. मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "करंज नाय का चालत?" आमच्याकडे कडुनिंब दुर्मीळ, करंज मात्र ओहोळाकाठी उभे. मी विचारपूस केली, तर करंजाच्या बियांतही तोच गुण आहे, शास्त्रज्ञांनी तपासलेला. खरजेला करंजाचं तेल लावणाऱ्या बाईला हे कसं सुचलं असेल?

एकदम सोडणं नको

एवढं ऐकून शहरातल्या काही मैत्रिणी म्हणतात, "मग युरिया बंदच का नाही करत? पूर्ण नैसर्गिक!" मला त्यांचा हेतू कळतो. पण २०२१ साली श्रीलंकेने रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली. तयारी नव्हती, पुरेसं सेंद्रिय खत नव्हतं. भाताचं उत्पन्न कोसळलं, शेतकरी रस्त्यावर आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारला बंदी मागे घ्यावी लागली. ज्या घरात भात माघापर्यंतच पुरतं त्या घराला "एक वर्ष कमी पिकलं तर काय झालं?" असं म्हणायचा अधिकार आपल्याला नाही.

उलट्या बाजूने, "दोन पोती जास्त टाका" म्हणणाराही आपला नव्हे. जास्त नत्राने पीक माजतं, लोळतं, कीड ओढवून घेतं. शिवाय वाहून गेलेलं जातं कुठे? ओहोळातून नदीला, झिऱ्यातून विहिरीला. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावं, असा आपला भारतीय निकष आहे. जास्त झालं तर सगळ्यात आधी धोका वरचं दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला. मोखाडा तालुक्यातल्या मध्य वैतरणा धरणाचं पाणी मुंबईच्या नळाला येतं, हे मुंबईच्या मैत्रिणींनी जरूर लक्षात ठेवावं. आमच्या डोंगरावरची माती कशी राहते, याच्याशी तुमच्या स्वयंपाकघराचंही नातं आहे.

जुन्या माणसांना हा तोल ठाऊक होता. वरकस जमिनीत एका वर्षी नागली, पुढे वरई, मग खुरासणी किंवा उडीद, आणि नंतर जमीन पड ठेवायची. उडीद जमिनीला नत्र देतो हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं. आता जमिनीचे तुकडे झाले, पड ठेवायला जागा नाही. म्हणून बांधावर गिरिपुष्प आणि तूर, भातानंतर ओलीवर वाल-हरभरा, एवढं तरी. आणि मातीची तपासणी. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिकेची योजना आहे. आपल्या भागात डहाणूजवळ कोसबाडला कृषी विज्ञान केंद्र आहे, दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ. विचारायला लाजू नका. मी बी.ए. मराठी असून विचारते!

शेवटची पाटी

मावशीने पहिल्या वर्षी फक्त एका खाचरात हा खटाटोप केला. शेजारच्या खाचरात नेहमीसारखा युरिया फेकला. "दोन्ही बघू," म्हणाली. श्रावणात फेकलेल्या युरियाचं खाचर आधी काळंभोर हिरवं झालं आणि माझ्या पोटात गोळा आला. मावशी काही बोलली नाही. भाद्रपदात ते पिवळसर पडू लागलं. गोळीचं खाचर मात्र तसंच, सावकाश, एकसारखं हिरवं. परतीच्या पावसात एका बाजूचं पीक झोपलं, दुसऱ्या बाजूचं उभं राहिलं.

झोडणी झाली त्या दिवशी मी मुद्दाम गेले. मावशीने दोन्ही खाचरांचं भात वेगळं ठेवलं होतं. तिने पाट्या मोजल्या, एक, दोन, तीन... ती बोटांवर मोजते, मी वहीत लिहिते. गोळीच्या खाचराचं भात मोजून झालं तेव्हा तळाशी एक भरलेली पाटी आणि वर थोडं उरलं होतं. दुसऱ्या खाचरापेक्षा एवढं जास्त. काही क्रांती नाही. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर येण्यासारखं तर नाहीच.

मी विचारलं, "मावशी, या पाटीचं काय करशील?"

ती सूप बाजूला ठेवत म्हणाली, "नातू भट्टीवर आठ दिस उशिरा जाईल. तेवढी शाळा."

घाटातून परतताना ओहोळ दिसला, पाऊस सरल्यावरचा, नितळ. दोन वर्षांपूर्वी याच ओहोळाने तिचं पोतं नेलं होतं. तिचा प्रश्न मला आठवला, "खत पिकाला घालायचा की गंगेला?" उत्तर माझ्याकडे आता होतं. पण ते तिला देण्याची गरज उरली नव्हती. पुढच्या पावसासाठी बांधावर कुठे कुठे फांद्या खोचायच्या, त्या खुणा ती करून बसली होती.